कोरी प्रत

"हळू! आत पुस्तकं आहेत!"

माहेरचं बाळंतपण उरकून, चार महिन्यांच्या मनवाला खांद्याशी धरून मी सांगलीच्या घरी परत आले, तेव्हा कानावर पडलेलं हे पहिलं वाक्य. सासूबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला होता, पायावर पाणी घातलं होतं, मी उजवं पाऊल उंबऱ्याच्या आत टाकलं होतं, आणि रिक्षात गाढ झोपलेल्या मनवानं नेमका तोच मुहूर्त साधून भोकाड पसरलं. त्यावर माझ्या सासऱ्यांचं, आप्पांचं, हे स्वागत.

आतून धुराचा वास येत होता. ओवा, कडुनिंब, वेखंड. मला भरूनच आलं. म्हटलं, बघा, पोर यायच्या आधी पोरीची धुरी तयार! मी लगबगीनं पूर्वेच्या खोलीकडं वळले. लग्न झाल्यापासून ती आमची खोली. कोरडी, सकाळभर उन्हाची. दारातच आप्पा आडवे आले. नाकाला रुमाल बांधलेला, हातात धुपाटणं.

"इकडं नको, केतकी. धुरी चाललीय."

"हो, म्हणूनच तर हिला आणतेय."

"हिची नव्हे. पुस्तकांची."

सासूबाई माझ्या मागून पुटपुटल्या, "हिची नंतर. निखारे उरले तर."

आप्पा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, आणि बुद्धिबळावरच्या जुन्या, दुर्मीळ पुस्तकांचे संग्राहक. माझं स्थळ त्यांनी पसंत केलं तेच मुळी माहितीच्या कागदावर 'छंद: बुद्धिबळ' असं वाचून. शाळा-कॉलेजात मी जिल्ह्यापर्यंत खेळलेले. वाटलं, सासरी रोज संध्याकाळी एखादा डाव तरी होणार. लग्नानंतर थोड्याच दिवसांत मी विचारलं, "आप्पा, पट कुठं असतो?" ते माझ्याकडं बघतच राहिले. "कसला पट?" त्या घरात बुद्धिबळाची कपाटं भरून पुस्तकं होती आणि प्यादं म्हणून एक नव्हतं. मी माहेरून आणलेला घडीचा पट दाखवला, तर त्यांनी तो उलटापालटा केला, नखानं टिचकी मारली आणि विचारलं, "प्लॅस्टिक? कुठल्या सालातलं?"

घोडा कसा चालतो हे आप्पांना ठाऊक नव्हतं. ते कळायचं तर पुस्तक उघडावं लागतं, आणि पुस्तक उघडलं की त्याची पाठ मोडते.

ही पुस्तकं आधी मागच्या खोलीत असायची. मी माहेरी असताना शेजाऱ्यांच्या मोरीची ओल त्या भिंतीत उतरली. मग पुस्तकं पूर्वेच्या खोलीत आली आणि आम्ही मायलेकी मागच्या खोलीत गेलो. माझा नवरा अभिजित तेव्हा पुण्यात नोकरीला. तो शनिवारी यायचा, भिंतीवरचा डाग बघून "बघायला पाहिजे" म्हणायचा, आणि रविवारी जायचा.

आठवडाभरात मनवाची छाती घरघरायला लागली. दूध पिताना मध्येच थांबायची, दम खायची, माझ्याकडं बघायची. डॉक्टर म्हणाले, औषध देतो, पण खरं औषध म्हणजे ऊन. कोरड्या खोलीत हलवा तिला.

मी आप्पांना सांगितलं. ते कळवळले. अगदी खरं कळवळले, त्यात ढोंग नव्हतं.

"अगं, पोरीला औषध तरी आहे, केतकी. पुस्तकाला कसर लागली की औषध नाही."

"आणि ओल लागली तर?"

"तेच तर! म्हणून तर तिकडं हलवलीत ना पुस्तकं."

भिंतीशी बोलावं तर निदान ओल तरी हाताला लागते. मी मनवाच्या टाळूवर वेखंड चोळत राहिले.

त्या महिन्यात आमच्याकडं 'दुर्मीळ बुद्धिबळ ग्रंथ संग्राहक मंडळा'ची बैठक झाली. सांगली, मिरज, जयसिंगपूर, इचलकरंजी मिळून मंडळाचे सभासद चार. त्यांनी व्हरांड्यात भडंग खाल्लं, साबणानं हात धुतले, एकमेकांच्या हातांचे वास घेतले, पांढरे हातमोजे चढवले आणि मगच पूर्वेच्या खोलीत प्रवेश केला. तिथं चौरंगावर रेशमी कापड अंथरलेलं, आणि कापडावर आप्पांच्या संग्रहाचा मुकुटमणी: कोरी.

कोरीची गोष्ट सांगायला हवी. पूर्वी छापखान्यात मोठा कागद छापून, घड्या घालून शिवायचे. घडीच्या कडा वाचणाऱ्यानं घरी नेऊन स्वतः कापायच्या, मग पानं सुटी व्हायची. बेळगावच्या कुठल्याशा बुडालेल्या छापखान्यातलं हे देशी बुद्धिबळाचं पुस्तक शंभराहून जास्त वर्षं कुणीही कापलेलं नव्हतं. म्हणजे ते छापल्यापासून आजवर एकाही माणसानं वाचलेलं नव्हतं. मंडळाच्या दृष्टीनं पुस्तकाच्या आयुष्यात याहून थोर काही घडू शकत नव्हतं.

"वा!" जयसिंगपूरकर म्हणाले. "काय शील राखलंय!"

इचलकरंजीचे धन्यकुमार शेटे नुसते उसासले. यंत्रमागांवर मोठे झालेले गृहस्थ, पण या खोलीत आले की लहान व्हायचे. त्यांच्याकडंही त्याच पुस्तकाची प्रत होती, पण तिची पानं कुणा अधाशानं पूर्वीच कापून वाचली होती. नापास पोराचं प्रगतिपुस्तक दाखवावं तशी मान खाली घालून शेटे ती दाखवायचे.

"यंदाचं अध्यक्षपद आप्पासाहेबांकडंच जाणार," मिरजकर म्हणाले. "कोरी ज्याची, मंडळ त्याचं. दिवाळीच्या बैठकीत ठराव करून टाकू."

आप्पांनी नको-नको म्हणत मान हलवली. असं नको-नको म्हणणारा माणूस मी नंतर एकदाच पाहिला, विहिणीनं चौथी पुरणपोळी वाढताना.

तेव्हा शेट्यांनी बातमी फोडली. मिरजेत चंद्राक्का उपाध्ये म्हणून एक वृद्ध बाई आहेत. त्यांच्या यजमानांकडं देशी डावांचं एक पुस्तक होतं. आणखी प्रत कुठं असल्याचं कुणाच्या ऐकिवात नाही.

"मी किती वेळा जाऊन आलो," शेटे म्हणाले.

"मागतात काय?"

"काही मागत नाहीत, हेच तर! म्हणतात, माझ्याबरोबर एक डाव पुरा खेळा आणि घेऊन जा."

मिरजकरांनी हातमोजे नीट ओढून घेतले.

"डाव म्हणजे?" जयसिंगपूरकरांनी जपून विचारलं.

"बुद्धिबळाचा."

"अरे बापरे."

"बाई विक्षिप्त दिसतात," आप्पा म्हणाले.

दसऱ्यानंतरच्या रविवारी चंद्राक्कांनी ज्यांना यायचं त्यांना बोलावलं होतं. मिरजकर आणि जयसिंगपूरकर यांनी तिथंच प्रकृतीचं कारण सांगून टाकलं. शेटे जाणार होते. त्यांच्या मोबाइलमध्ये नातवानं खेळ घालून दिला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी मनवाला मांडीवर घेऊन थोपटत होते. आप्पा मागच्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले. त्या खोलीत ते महिन्याभरात पहिल्यांदा आले असतील. भिंतीकडं बघितलं, छताकडं बघितलं, पाळण्याकडं बघितलं, खाकरले.

"केतकी, तो घोडा... कसा चालतो गं?"

मला हसू आवरेना. पण मांडीवर मनवाची छाती कुकरच्या शिट्टीआधी वाजते तशी बारीक वाजत होती, त्यामुळं हसू आपोआप आवरलं.

"शिकवते," मी म्हटलं. "पण पुस्तक मिळालं की पूर्वेची खोली हिची."

"आणि माझी पुस्तकं?"

"ती तुम्ही बघा. तुम्ही संग्राहक आहात, मी नाही."

"तू व्यवहार करतेस माझ्याशी?"

"तुम्ही मंडळाचे अध्यक्ष होणार. आत्तापासून सवय लावून घ्या."

स्वयंपाकघरातून सासूबाईंचा आवाज आला, "हो म्हणा. तुमच्याकडून कुणी काही मागितल्याला फार वर्षं झाली."

आप्पा हो म्हणाले.

मग रोज दुपारी, मनवाचा डोळा लागला की, आमची शिकवणी. पहिल्या दिवशी आप्पा हातमोजे घालून आले. मी ते काढायला लावले. चाली त्यांनी भराभर उचलल्या, डोकं तल्लखच होतं. पण एक गोष्ट काही केल्या जमेना. त्यांना काही देता येत नव्हतं.

"आप्पा, हे प्यादं मरू द्या. त्याच्या बदल्यात माझा उंट येतोय."

"नको. प्यादं गेलं तर संच अपुरा होईल."

"अहो, डावात मोहरे जातातच!"

"जाऊ कसे देणार? नंतर जोडीचं मिळत नाही."

ते कुठलाच मोहरा पुढं काढायचे नाहीत. सगळे घरात, ओळीत, एकमेकांना चिकटून, कपाटात लावल्यासारखे. मी चारी बाजूंनी येऊन मात करायची आणि ते समाधानानं म्हणायचे, "पण बघ, माझा एकही गेला नाही." पहिलं प्यादं त्यांनी स्वतःहून दिलं त्या दिवशी संध्याकाळी ते जेवले नाहीत. सासूबाईंनी मला डोळ्यांनीच विचारलं, काय झालं? मी सांगितलं, प्यादं गेलं. "कुणाकडचं?" म्हणाल्या.

दसरा झाला. जायच्या आदल्या दिवशी आप्पांनी वेळ ठरवायला चंद्राक्कांना फोन केला आणि पांढरेफटक होऊन आत आले.

"त्या देशी खेळतात."

"म्हणजे?"

"आपले जुने नियम. म्हणाल्या, देशी येत नसेल तर भाडं खर्चून येऊ नका. तुला येतं ना?"

मला येत नव्हतं. मी शाळेत शिकलेला खेळ सगळ्या जगाचा. देशी खेळात प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर सरकतं, एवढंच माझे आजोबा सांगायचे ते आठवत होतं.

"मग आता?" आप्पा हताश होऊन खाली बसले. "आता कुठून आणायचे नियम?"

मी नुसती पूर्वेच्या खोलीकडं बघत राहिले. सासूबाई ताक घुसळायच्या थांबल्या आणि त्याही तिकडंच बघू लागल्या. आप्पांनी आमच्या नजरेचा माग काढला आणि छातीवर हात ठेवला.

"नाही. कोरी नाही."

"देशी नियमांचंच आहे ना ते?"

"असेल. मला काय माहीत? मी वाचलंय थोडंच! आणि शेटे आपली प्रत आज थोडीच देणार, उद्या तेही खेळणार!"

आधी त्यांनी न कापता वाचायचा प्रयत्न केला. बॅटरी घेऊन, घडीच्या पोकळीत एक डोळा लावून, बरणीत तोंड घातलेल्या मांजरासारखे ते तासभर कोरीभोवती फिरले. उघड्या बाजूची पानं वाचता आली. प्याद्याचा नियम मिळाला. मग त्यांनी मोठ्यानं वाचलं, "राजास शह लागण्यापूर्वी एकवेळ..."

"एकवेळ काय?"

"पुढं घडीत गेलंय."

त्यांनी फुंकर मारून घडी फुगवली. एका बाजूनं मी बघितलं, दुसऱ्या बाजूनं सासूबाईंनी. राजास शह लागण्यापूर्वी एकवेळ काय करता येतं, ते त्या अंधारातच राहिलं.

मागच्या खोलीत मनवा जागी झाली आणि खोकली. कोरडा, खोल खोकला, एवढ्याशा अंगात न मावणारा. थांबेपर्यंत आम्ही तिघंही हललो नाही.

सासूबाई उठल्या, स्वयंपाकघरात गेल्या आणि लोणी लावायची सुरी घेऊन आल्या. आप्पांपुढं धरली.

"बोथट आहे. तिला दुखणार नाही."

आप्पांनी सुरी घेतली. मी पुस्तक दोन्ही हातांनी धरलं. पहिली घडी कापताना आवाज झाला तो अजून माझ्या कानात आहे, नव्या साडीची घडी पहिल्यांदा मोडावी तसा. कडेला बारीक तूस आलं. पान उघडलं. आतला कागद बाहेरच्यापेक्षा कितीतरी पांढरा होता.

"...घोड्याप्रमाणे उडी घेता येते," आप्पांनी वाचलं. "राजास!" आणि माझ्याकडं बघून लहान मुलासारखे म्हणाले, "राजा उडी मारतो, केतकी!"

मग ते कापत गेले आणि वाचत गेले. माझ्या बोटांना वेखंड लागलेलं होतं, त्याचा अंगठा एका पानावर उमटला. मी चरकले. आप्पांनी तो बघितला, तोंड उघडलं, आणि मिटलं.

"राहू दे. कसर लागणार नाही तिथं."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मिरजेला निघालो. आप्पा, मी आणि मनवा. निघताना त्यांनी मला बजावलं, "कोरी कापल्याचं कुठं बोलू नकोस. मंडळाच्या घटनेत कलम आहे. सभासदानं ग्रंथवाचन केल्यास सभासदत्व रद्द. अध्यक्षपदाचं तर नावच नको."

चंद्राक्कांचं घर पहिल्या मजल्यावर, खाली तंबोरे बनवणाऱ्याचं दुकान. वर चढताना तार लावल्याचा आवाज येत होता, तो शेवटपर्यंत येत राहिला. शेटे आधीच येऊन बसले होते. चंद्राक्का ऐंशीच्या घरातल्या, काटक, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. समोर कापडी पट, आणि त्यावर लाकडी मोहरे, हाताळून-हाताळून सगळ्यांची नाकं झिजलेली.

"पोर कुणाची? आण की हिकडं. दम लागतोय काय गं तिला?"

"ओलीची खोली आहे," मी म्हटलं.

चंद्राक्कांनी आप्पांकडं बघितलं. आप्पांनी तंबोऱ्याच्या आवाजाकडं लक्ष दिलं.

पहिला डाव शेट्यांचा. त्यांनी पहिलंच प्यादं दोन घरं ढकललं.

"थांबा. दोन घरं? पाठीस कोण लागलंय त्याच्या?"

"पहिल्या चालीला चालतं की, आक्का. मोबाइलमध्ये चालत होतं."

"मग मोबाइलसंगट खेळा की."

शेट्यांनी प्यादं मागं घेतलं. थोड्या वेळानं त्यांचा वजीर गेला. आणखी थोड्या वेळानं त्यांचा मोबाइल वाजला. म्हणजे हरण्याआधी सुटायला त्यांनी तो वाजवला. "अर्जंट आहे," म्हणून ते पटावरून उठले, गॅलरीत जाऊन आले, आणि परत आले ते खुर्चीवर येऊन बसले.

"डाव पुरा झाला न्हाई," चंद्राक्का म्हणाल्या.

"होय, पण आप्पासाहेबांचा बघून जातो," शेटे म्हणाले. म्हणजे हरताना बघून जातो.

आप्पा बसले. पहिलं प्यादं सरकवलं, एक घर. चंद्राक्कांच्या भुवया किंचित वर गेल्या. डाव सुरू झाला. आप्पांचा हत्ती गेला तेव्हा चंद्राक्कांनी तो उचलून सरळ मनवाच्या हातात दिला. मुठीएवढा हत्ती. मनवानं त्याचं डोकं हिरड्यांत धरलं. आप्पांचा जीव खालीवर झाला, पण ते पटाकडं वळले. त्यांनी एक प्यादं दिलं. मग दुसरं. दर वेळी ओठ आवळायचे, गेलेल्या प्याद्यावर धोतराचं टोक फिरवायचे आणि पुढची चाल करायचे. पूर्वीसारखे मोहरे घरात कोंडून बसले नव्हते. पूर्वेची खोली त्या कापडी पटावर होती.

चंद्राक्कांचा वजीर आणि घोडा आप्पांच्या राजाभोवती गोळा झाले. पुढच्या चालीला शह, आणि त्यानंतर सुटका नाही, हे मला दिसलं. आप्पांना दिसलं का? त्यांनी खूप वेळ विचार केला. मग राजा उचलला आणि अडीच घरांवर नेऊन ठेवला.

शेटे ताडकन उठले. "आक्का, हे बघा! राजा असा उडतो होय? एक घर चालतो राजा! एवढं तर मलाही ठाऊक आहे!"

चंद्राक्कांनी त्यांच्याकडं बघितलंही नाही. चष्म्यावरून आप्पांकडं बघत म्हणाल्या, "ही उडी कुणी दावली तुम्हाला? उपाध्ये गेल्यापासनं ह्या पटावर राजानं उडी घेतलेली न्हाई."

आप्पा गेलेलं प्यादं धोतरानं पुसत राहिले.

"म्हणजे चालते?" शेटे गोंधळले, मग माझ्याकडं वळून हसले. "हां, सूनबाई खेळाडू आहेत ना! त्यांनीच शिकवली असणार. आमच्या आप्पासाहेबांना कुठली येतेय!"

शेट्यांना ठाऊक नव्हतं, पण त्यांनी दोर टाकला होता. धरायचा फक्त. मी होकाराची मान हलवायला घेतलीच होती.

"नाही," आप्पा म्हणाले. "तिला येत नव्हती. मी वाचली."

"वाचली? कशात?"

"कोरीत."

"पण तिची पानं तर..." शेट्यांचा आवाज फाटला.

"कापली."

"कुणी?"

"मी. लोण्याच्या सुरीनं."

शेटे मटकन खाली बसले. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, की जणू घरात मयत झालंय आणि सून पोहे खातेय.

"आप्पासाहेब, तुम्ही अध्यक्ष होणार होता."

"होय."

"मंडळाची घटना ठाऊक आहे ना?"

"घटना मीच लिहिलीय," आप्पा म्हणाले. "आक्का, तुमची चाल."

आप्पा हरले. ते हरणारच होते. पण डाव चांगला तासभर चालला, आणि शेवटी चंद्राक्कांनी वजीर हाताशी असताना तो बाजूला ठेवला, एक प्यादं हळूहळू पुढं आणलं आणि आप्पांच्या राजासमोर टेकवलं.

"मात."

"प्यादेमात!" आप्पा ओरडले. "केतकी, प्यादेमात! सगळ्यात मानाची मात! पुस्तकात आहे!"

"मान माझा हाय," चंद्राक्का म्हणाल्या. "तुम्ही कशापायी नाचताय?" पण त्याही हसत होत्या, आणि चष्मा काढून पदरानं पुसत होत्या, बराच वेळ.

आतून त्यांनी पुस्तक आणलं, उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेलं. पुठ्ठा निघालेला, पानांवर हळद, चहाच्या कपाची वर्तुळं, एका कडेला मुंगीएवढ्या अक्षरात पेन्सिलीनं लिहिलेल्या चाली, आणि मध्येच दुसऱ्या हातानं लिहिलेलं, "इथे मी फसले नाही."

शेट्यांनी लांबूनच डोकावून बघितलं. "हे? ह्याच्यासाठी मी खेपा घातल्या?"

"आमच्यात पुस्तक जेवताना पण पटाशेजारीच असायचं," चंद्राक्का म्हणाल्या. "न्या. पण दर गुरुवारी यायचं. येताना पोरीला आणायचं."

आप्पांनी पुस्तक उघड्या हातांनी घेतलं.

घरी सासूबाई दारातच होत्या. "मिळालं?"

"मिळालं."

"मग?"

आप्पा चपला काढून सरळ पूर्वेच्या खोलीत गेले. थोड्या वेळानं पुस्तकांची पहिली चळत छातीशी धरून बाहेर आले आणि बैठकीच्या खोलीत टेबलावर ठेवली.

"इथं?" सासूबाई म्हणाल्या. "इथं येणारे-जाणारे हात लावतील."

"लावू देत."

त्याच संध्याकाळी मनवाचा पाळणा पूर्वेच्या खोलीत आला.

दिवाळीच्या बैठकीत शेटे अध्यक्ष झाले. त्याच बैठकीत आप्पांचं सभासदत्व ग्रंथवाचनाच्या कारणावरून एकमतानं रद्द झालं. आता मनवा पहिलीत आहे, धाकटा पाळण्यात आहे, आणि मंडळ अजून तीन सभासदांवर जोमानं चालू आहे.

पण मला आठवते ती त्या दिवाळीनंतरची एक सकाळ. खोलीभर ऊन आलं होतं. मनवा मूठ उघडी टाकून झोपली होती, आणि तिची छाती नुसती वरखाली होत होती, आवाज नव्हता. आप्पा दाराशी खुर्ची टाकून चंद्राक्कांचं पुस्तक वाचत होते. सासूबाई धुपाटणं घेऊन आल्या.

"धुरी झालीय. आधी कुणाला?"

"पोरीला," आप्पा मान वर न करता म्हणाले. "उघडलेल्या पुस्तकाला कसर लागत नाही."

तेवढ्यात फोन वाजला. शेट्यांचा आवाज मला पलीकडून ऐकू येत होता. यंत्रमागांच्या खडखडाटात आयुष्य गेलेला माणूस, कुजबुजला तरी गल्लीला ऐकू जायचा.

"आप्पासाहेब, मंडळात कुणाला बोलू नका. ती राजाची उडी... शह बसल्यावर घेता येते की आधीच घ्यायची? नातवाशी वाद चाललाय."

"तुमच्याकडं पुस्तक आहे की. कापलेलं."

"आहे हो. पण मी अध्यक्ष आहे! मला उघडता येत नाही. तुम्हीच जरा वाचून दाखवा ना."

आप्पांनी बैठकीच्या खोलीतून कोरी आणली, वेखंडाच्या अंगठ्याचं पान काढलं, घसा साफ केला आणि वाचायला लागले. "राजास शह लागण्यापूर्वी..."

"काय? मोठ्यानं! मोठ्यानं वाचा, आप्पासाहेब!"

आप्पांनी पाळण्याकडं बघितलं आणि फोनवर हाताचा आडोसा धरला.

"हळू, शेटेसाहेब. आत पोर झोपलीय."